पत्रक वाचून झाल्यावर उरणारा कागद: सर्व उमेदवारांना खुलं पत्र

प्रति,
महापालिका, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभेचे सर्व उमेदवार, पक्षांचे शहर व तालुका अध्यक्ष, आणि प्रेसमध्ये ऑर्डर देणारे त्यांचे कार्यकर्ते

विषय: प्रचाराचा कागद नंतर कामी येईल असा निवडण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

निवडणूक लागली की तुमची पत्रकं वर्तमानपत्राच्या घडीतून, दाराच्या कडीतून आणि जिन्याखालच्या पत्रपेटीतून घरात येतात. परिचयपत्रक, वचननामा, चोवीस पानी कार्यअहवाल, डमी मतपत्रिका, मतदार चिठ्ठी. मुंबई सोडली तर महापालिकांत बहुसदस्य प्रभाग आहेत. त्यामुळे पॅनेलचं एक पत्रक येतं आणि पॅनेलमधल्या प्रत्येकाचं वेगळंही येतं. निवडणूक नसतानाही दिवाळीला उटण्याचं पाकीट आणि डिसेंबरात दिनदर्शिका येते.

हा कागद आम्ही फेकत नाही. त्याच्या वह्या बांधतो, रोपांच्या कुंड्या करतो, लगदा करून सुपं लिंपतो, आणि फ्लेक्सचं आच्छादन शिवतो. पण त्यातला किती कागद कामी येणार हे आमच्या हातात नसतं. तुम्ही प्रेसमध्ये "ग्लॉसी घ्या, लॅमिनेशन करा" म्हणता तेव्हाच ते ठरून जातं. म्हणून हे पत्र मतदारांऐवजी तुम्हाला लिहितो आहोत. कुठल्या कागदाचं पुढे काय होतं ते सविस्तर सांगतो, म्हणजे मागणी कशासाठी आहे ते कळेल.

आधी वजन पाहा. ए-४ आकाराचं एक पान १३० ग्रॅमच्या (म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम भरणाऱ्या) आर्ट पेपरवर छापलं तर साधारण ८ ग्रॅम भरतं. तेच ७० ग्रॅम मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या साध्या छपाईच्या कागदावर, साडेचार ग्रॅमच्या आत बसतं. चोवीस पानी ए-४ कार्यअहवालात आतली दहा पानं (म्हणजे वीस बाजू) १३० ग्रॅमची आणि कव्हर २५० ग्रॅमचं धरलं, तर एका प्रतीचं वजन ११२ ग्रॅमच्या आसपास जातं. दहा हजार घरांत तो वाटला की अकराशे किलोच्या वर कागद झाला. हे एका उमेदवाराचं.

कागद ओळखायला यंत्र लागत नाही. पानाच्या कोऱ्या भागावर नाण्याची कड घासा. करडी रेघ उमटली तर तो आर्ट पेपर, म्हणजे वरून पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा लेप दिलेला कागद. मॅपलिथोवर अशी रेघ उठत नाही. मग कोपरा फाडून पाहा. फाडताना पातळ पापुद्रा ताणला गेला आणि कागद आधी तुटून तो मागे लोंबला, तर लॅमिनेशन आहे. घरी आलेल्या गठ्ठ्याचे या दोन चाचण्यांवर तीन ढीग होतात: साधा, लेपाचा, प्लास्टिकचा. पहिला जवळपास सगळा कामी येतो, दुसरा थोडा येतो. तिसऱ्याचं घरात जवळपास काहीच होत नाही आणि रद्दीवालाही तो बाजूला काढतो, कारण पाण्यात भिजवल्यावर तो पापुद्रा विरघळत नाही आणि लगद्यात तुकडे राहतात.

सगळ्यात उपयोगी पडतं ते एका बाजूला छापलेलं, मागे कोरं असलेलं, ७० किंवा ८० ग्रॅम मॅपलिथोचं पत्रक. त्याचा रफ पॅड होतो. ए-५ची शंभर पानं कोरी बाजू वर करून एकावर एक ठेवायची, वरची कड टेबलावर आपटून सरळ करायची, दोन फळ्यांमध्ये आवळायची आणि वरच्या कडेला फेविकॉलचा पातळ हात द्यायचा. अर्ध्या तासाने त्यावर जुन्या मलमलीची पट्टी ठेवून दुसरा हात द्यायचा. रात्रभर आवळून ठेवायचं. खाली आधाराला पुठ्ठा लागतो. तिथे २५०-३०० ग्रॅमचं ए-५ आकाराचं कार्ड लॅमिनेशनचं असलं तरी चालतं. प्लास्टिकच्या ढिगाला मिळणारी ही एकच जागा.

यात बिघडतं कुठे? डिंक एकाच दमात जाड लावला तर तो वाळल्यावर कडक होतो आणि दहाव्या पानाला कणा तडकतो. पानं आवळलेली नसतील तर डिंक आत झिरपतो आणि पाच-सहा पानं एकमेकांना चिकटतात. सर्वांत जास्त त्रास घडीचा. तीन घड्यांचं पत्रक पॅडमध्ये सपाट बसत नाही, त्यावर लिहिताना पेन घडीत अडतं. उलगडून दोन दिवस वजनाखाली ठेवलं की बरंचसं सरळ होतं, पूर्ण होत नाही. ए-५ पत्रकाला मुळात घडीची गरजच नसते, वर्तमानपत्रात ते तसंच बसतं.

कोरी बाजू आर्ट पेपरची असेल तर मात्र पॅड बांधून उपयोग नाही. पेन्सिल उमटत नाही, बॉलपेन घसरतं, जेल पेनची शाई हाताला फासते. आणि साध्या कागदावरही पूर्ण पानभर पक्षाच्या रंगाचा सॉलिड ग्राउंड दिला तर शाई मागून दिसते आणि रंग बोटांना लागतो. तुमचा रंग वरच्या दोन बोटांच्या पट्टीत दिला तरी पत्रक कुणाचं आहे हे लांबून कळतं.

तुमच्या कार्यालयात उरलेले, न वाटलेले गठ्ठे या कामासाठी सर्वांत चांगले असतात. मतदानाआधी जाहीर प्रचार थांबतो आणि गठ्ठे तसेच पडून राहतात. ते सपाट, स्वच्छ आणि एकाच मापाचे असतात. ते हातगाड्यांवर जाऊ देऊ नका. निकालानंतर आठवड्याभरात जवळच्या शाळेला, बाइंडरला किंवा सोसायटीला द्या. शाळेला देताना मुलांच्या हातात एका पक्षाचं चिन्ह जातं, हा आक्षेप योग्य आहे. त्यासाठी छापील बाजू आतल्या अंगाला ठेवून दोन-दोन पानं पाठीला पाठ चिकटवता येतात. मैद्याची खळ पुरते. एक भाग मैदा सहा भाग पाण्यात गार असताना कालवायचा, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. गरम पाण्यात मैदा टाकला तर गुठळ्या होतात. बाइंडर खळीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या वह्यांना घालू नका.

हातगाडीवर का नको, तेही सांगतो. भेळ, वडापाव, भजी छापील कागदावर देऊ नयेत असं भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वारंवार बजावलं आहे, आणि अन्नाच्या पॅकिंगसाठी वर्तमानपत्राचा कागद त्यांच्या नियमांत बसत नाही. छपाईच्या शाईतले रंग आणि तेलं गरम, तेलकट पदार्थात सहज उतरतात. प्रचाराच्या पत्रकावर शाईचा थर वर्तमानपत्रापेक्षा दाट असतो. गठ्ठे किलोवर रद्दीत गेले की त्यांच्या पुड्या होणार नाहीत याची खात्री कुणालाच देता येत नाही. म्हणून वाटायचं उरलं तर हातोहात द्या.

दुसरा उपयोग रोपांच्या कुंड्यांचा. यासाठी दोन्ही बाजूंना छापलेला मॅपलिथोही चालतो. ए-४ पान लांबीला अर्धं कापायचं, म्हणजे साडेदहा सेंटिमीटर रुंद पट्टी मिळते. चार सेंटिमीटर जाडीच्या बाटलीभोवती ती गुंडाळायची. दोन वेढे पूर्ण होऊन थोडी कड उरते. खाली चार सेंटिमीटर मोकळे सोडून ते आत दुमडायचे आणि बाटलीने टेबलावर दाबायचे. डिंक लागत नाही. कोकोपीट आणि शेणखत भरून कुंड्या ट्रेमध्ये एकमेकींना खेटून उभ्या करायच्या, त्यांचा आधार एकमेकींनाच असतो. टोमॅटो, वांग्याचं रोप पंचवीस-तीस दिवसांत लावायला येतं, तोवर दुहेरी थर टिकतो. एकेरी थर आठवड्यातच फुटतो. लावताना तळ फाडा आणि कागदाची वरची कड मातीखाली जाऊ द्या. कड वर राहिली तर ती वातीसारखं पाणी ओढून वाळवते आणि रोप सुकतं, खत कमी पडलं असं वाटतं. काळ्या एकरंगी छपाईचा कागद भाजीला वापरावा, रंगीत छपाईचा झेंडू-शेवंतीला. लॅमिनेशनची कुंडी तर रोपाचा गळा आवळते, मुळं आतच गोल फिरत राहतात.

याच ओघात एक विनंती. बियांच्या कागदावर पत्रक छापून "पर्यावरणपूरक" म्हणू नका. ती बी रुजायला कागद भिजवून, मातीत दाबून दोन-तीन आठवडे ओला ठेवावा लागतो. दाराच्या कडीत खोचलेल्या पत्रकाच्या वाट्याला एवढी निगा येत नाही. तो खर्च साध्या मॅपलिथोकडे वळवा.

कंपोस्टमध्ये साधा कागद सुक्या पानांच्या जागी चालतो. बोटाएवढ्या रुंद पट्ट्या फाडून चुरगाळून टाकायच्या. सपाट टाकल्या तर ओल्या होऊन थप्पी बसते, हवा जात नाही आणि वास सुटतो. सुक्या भागात पाव हिस्स्याहून जास्त कागद नको.

आता लगदा. घरोघरी सूप, परडी, टोपली कागदाच्या लगद्याने लिंपायची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि त्यात मेथी घालतात ती उगाच नाही. मेथीचा चिकटा लगद्याला धरून ठेवतो आणि तिच्या कडवटपणामुळे कीड दूर राहते असा अनुभव आहे. किलोभर साधा कागद पोस्टाच्या तिकिटाएवढा फाडून दहा-बारा लिटर पाण्यात चोवीस तास भिजवायचा. कोमट पाणी घेतलं तर लवकर मऊ होतो. त्याआधी पुस्तिकेच्या मधल्या दोन पिना काढायच्याच. एखादी राहिली तर मिक्सरचं पातं जातं, खलबत्त्यात कुटताना बोटात घुसते. वाटलेला लगदा फडक्यात पिळायचा, त्यात रात्रभर भिजवून वाटलेली शंभर ते दीडशे ग्रॅम मेथी मळायची आणि टोपलीला तीन-चार मिलिमीटरचा थर द्यायचा. दोन दिवस सावलीत, मग उन्हात. आधीच उन्हात ठेवलं तर वरचा थर आकसतो, आतला ओला राहतो, आणि भेगा पडतात.

आर्ट पेपरचा लगदा करायला जाल तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. त्या कागदाच्या वजनातला तिसरा हिस्सा तंतू नसून माती-चुना असू शकतो. तंतू कमी, म्हणून वाळल्यावर टोपलीला हात लावला की पांढरी भुकटी सुटते आणि कडा तुटतात. साधा दोन भाग आणि आर्ट पेपर एक भाग मिसळला तर निभावतं, त्यापुढे नाही. तयार टोपली शिवणाच्या सामानाला, लोकरीला, किल्ल्यांना वापरा. भाकरी, पापड, सोललेली फळं तिच्यात नकोत, शाईचं कारण वर आलंच आहे. आणि रंगीत पत्रकांच्या लगद्याच्या गणेशमूर्ती करून विसर्जन करू नका, करवूही नका. पाण्यात तंतू कुजताना प्राणवायू ओढला जातो, लेपाची माती आणि शाई तळाशी बसते.

मतदार चिठ्ठीचं सांगायला हवं. आचारसंहितेनुसार पक्षांनी वाटायच्या अनधिकृत चिठ्ठ्या साध्या पांढऱ्या कागदावर असाव्या लागतात आणि त्यांवर उमेदवाराचं नाव, पक्ष किंवा चिन्ह चालत नाही. म्हणजे तुमच्याकडून येणारा सर्वांत स्वच्छ कागद हाच. पण त्यावर मतदाराचं नाव, यादीतला क्रमांक, केंद्र असा तपशील असतो, म्हणून तो पॅडमध्ये किंवा रद्दीत न देता सरळ लगद्यात घालावा. घरोघरी न पोचलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे कार्यालयाबाहेर टाकले जातात, ते थांबवा. ती दुसऱ्यांची माहिती आहे.

दिनदर्शिकेची, एका बाजूला छापलेली जाड पानं अंध मुलांच्या शाळांना ब्रेल सरावासाठी चालतात. बोटांना छपाई जाणवत नाही, टिंब जाणवतो. जाडी दीडशे ग्रॅमच्या आसपास हवी. पातळ कागदाला टोचणीने भोक पडतं, कार्डासारखा जाड टोचताना हात दुखतो. घडीचं पान चालत नाही, कारण घडीची रेघही बोटाला लागते. देण्याआधी शाळेला विचारा आणि पिना, धातूची पट्टी, दोरा काढून द्या. दिनदर्शिका छापताना मागची बाजू कोरी ठेवली आणि लॅमिनेशन टाळलं, तर वर्ष संपल्यावर बारा किंवा सहा पानं चांगल्या कामाला जातात.

फ्लेक्स हा कागद नव्हे, पण प्रचाराचा मोठा कचरा तोही आहे. पॉलिस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसी प्लास्टिक चढवलेलं हे कापड. दहा बाय आठ फुटांचा एक फलक सव्वादोन किलोच्या आसपास भरतो. खांबावरचा फलक आम्ही स्वतः उतरवत नाही, उतरवूही नये. तो ज्याने लावला त्याने किंवा महापालिकेने काढायचा. पण तुमचे कंत्राटदार ब्लेडने चौकटीच्या कडेने फाडून तो काढतात आणि चिंध्या सुक्या कचऱ्यात येतात. पक्कडीने स्टेपल काढले तर अख्खं कापड हाती येतं.

अख्ख्या कापडाची ताडपत्री उत्तम होते. ताज्या छपाईला सॉल्व्हंटचा वास असतो, आठवडाभर मोकळ्या हवेत सावलीत टांगावं. कडा पाच सेंटिमीटर दुमडून आत नायलॉनची दोरी घालावी आणि शिवावं. सुई १६ किंवा १८ नंबरची, धागा पॉलिस्टरचा, टाका चार-पाच मिलिमीटरचा. टाका बारीक घेतला तर तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग पडते आणि पहिल्या वाऱ्यात शिवण तिथेच फाटते. सुती धागा पावसात कुजतो. दोरी न घालता नुसत्या रिंगा ठोकल्या तर सगळा ताण एका बिंदूवर येतो. इस्त्री कधीच नाही. छापील बाजू आत, पांढरी बाहेर ठेवावी. उन्हात कापड कमी तापतं, आणि पुढच्या आचारसंहितेत कुणाच्या पडवीवर कुणाचा चेहरा आहे हा वाद उद्भवत नाही. लाकूडफाटा झाकायला, गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूला, कोकणात पडवीला झापांच्या बाहेरून झड अडवायला हे चांगलं चालतं. सतत उन्हात मात्र ते हळूहळू कडक होतं आणि पापुद्रे सुटू लागतात, तेव्हा बदलावं. धान्य, वाळवणं, पिण्याचं पाणी यांना त्याचा स्पर्श नको. मऊपणासाठी मिसळलेली रसायनं त्यातून बाहेर पडत राहतात.

आणि फ्लेक्स किंवा लॅमिनेशनचं पत्रक बंबात, चुलीत, शेकोटीत जाळायचं नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन निघतात. प्रचार कार्यालय आवरताना मागच्या मोकळ्या जागेत सगळं पेटवून दिलं जातं, त्यात हेच असतं. शेजारी राहणाऱ्यांच्या लहान मुलांच्या छातीत तो धूर जातो. ही एक गोष्ट तरी तुम्ही आजपासून कार्यकर्त्यांना सांगावी, त्याला पैसा लागत नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क प्रमाणे लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. त्याच ओळीखाली आणखी एक छोटी ओळ टाका: "कागद ७० ग्रॅम मॅपलिथो, लॅमिनेशन नाही". घरात ढीग वेगळे करणाऱ्याचं आणि दारोदार सुका कचरा गोळा करणाऱ्या कष्टकऱ्यांचं काम तेवढ्याने सोपं होतं. पुण्यासारख्या शहरात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून उभी आहे. कुठला कागद घेता आणि कुठला टाकता हे तुमच्या शहरातल्या अशा लोकांना एकदा बसून विचारा. ते नमुना हातात घेऊन सांगतील.

प्रेसला द्यायची चिठ्ठी आम्ही लिहून देतो, तशीच पुढे करा:

"आकार ए-५, घडी नाही. मॅपलिथो ७० ग्रॅम. छपाई एका बाजूला, मागची बाजू कोरी. सॉलिड ग्राउंड नाही. लॅमिनेशन नाही, यूव्हीचा चकचकीत लेप नाही. पन्नास-पन्नासचे गठ्ठे सुतळीने बांधावेत, टेप लावू नये."

मजकूर एका बाजूला मावत नसेल तर दोन्ही बाजूंना छापा, त्याच्या कुंड्या होतील. कार्यअहवाल हवाच असेल तर ए-५, सोळा पानी, आतून-बाहेरून मॅपलिथो, आणि तो प्रत्येक दाराऐवजी मागेल त्याला. उरलेले गठ्ठे आणि उतरवलेले फ्लेक्स कुठे व कोणत्या दिवशी मिळतील हे निकालाच्या आदल्या दिवशी कार्यालयाच्या दारावर लिहा. आम्ही येऊन घेऊन जाऊ.

आपले,
प्रभागातले काही बाइंडर, शिवणकाम करणाऱ्या, परसबाग करणारे आणि सुका कचरा वेगळा करणारे मतदार